सात एचपीचा पेट्रोल टिलर: बेळगाव, खानापूर, चिकोडीच्या रानात

बाजारात वेगवेगळ्या रंगांत आणि नावांनी मिळणारे सात एचपीचे बहुतेक पेट्रोल टिलर, म्हणजे हँडल धरून चालवायची मशागतीची यंत्रं, आतून एकाच घडणीचे असतात. २१२ सीसीचं, हवेनं थंड होणारं फोर-स्ट्रोक इंजिन, खाली गिअरबॉक्स, त्याच्या दोन्ही अंगाला पात्यांचे संच आणि मागं खोली ठरवणारा दांडा. म्हणून एका कंपनीचं न बघता या घडणीचंच परीक्षण केलेलं बरं. निकाल आधी सांगतो: कुळव-कोळप्याचं काम हे यंत्र फार चांगलं करतं, नांगराचं करत नाही. पडीक रान फोडायला ट्रॅक्टर लागतो. भाताच्या चिखलणीला व्हीएसटी शक्तीसारखा १३ एचपीचा डिझेल पॉवर टिलर लागतो. ती कामं याच्यावर लादली की गिअरबॉक्स जातो.

खानापूरकडची तांबडी, मुरमाड जमीन आणि कडोली भागातली भाजीपाल्याची रानं याला मानवतात. चिकोडी, रायबाग, अथणीच्या काळ्या रानात मात्र सगळा खेळ वाफशाचा. चार-पाच इंच खोलीवरची मूठभर माती दाबून गोळा करा आणि छातीइतक्या उंचीवरून सोडा. गोळा फुटला तर घात आली. नुसता चपटा झाला तर दोन दिवस थांबा. ओल्या काळ्या मातीत पात्यांच्या मध्ये चिखल गच्च बसतो, पात्यांचा ढोल होतो आणि मशीन माती न उकरता वरून लोळत जातं. वाळून कडक झालेल्या रानात ते उड्या मारतं. तो प्रत्येक दणका मनगटाला बसतो तसाच गिअरलाही.

चालवताना सगळ्यात जास्त चूक होते ती मागच्या दांड्याची. हँडल खाली दाबलं की दांडा मातीत रुततो, मशीनचा वेग कमी होतो आणि पाती खोल जातात. हँडल थोडं उचललं की ते पुढं पळतं. नवखा माणूस पुढं पळणाऱ्या मशीनला मागं ओढत बसतो आणि तासाभरात थकतो. ओढायचं नाही, दाबायचं. पहिल्या पाळीला दांडा वर ठेवून दोन-अडीच इंच, दुसऱ्या पाळीला एक भोक खाली घेऊन आडवं चार-पाच इंच. एकाच दमात पाच इंच काढायला गेलं की इंजिन घुटमळतं. रान कडक असेल तर दोन्ही बाजूंचे शेवटचे संच काढा. रुंदी कमी झाली की तेवढ्याच ताकदीत पाती खोल जातात.

पाती बसवताना धारेची बाजू फिरण्याच्या दिशेनं पुढं हवी. डावा-उजवा संच उलटा बसला तर पाठ मातीवर आपटते आणि नवं मशीनही खराब वाटतं. दुकानातून आणल्यावर पहिली तपासणी हीच. बोल्ट तुटले तर डोक्यावर ८.८ कोरलेलेच घ्या. साधे बोल्ट एका दगडात वाकतात.

चार फुटी सरीतल्या उसात दोन-अडीच महिन्यांपर्यंत आंतरमशागत उत्तम होते. मागं रिजर (सरी पाडायचं अवजार) लावून हलकी भरही लागते, पण मोठी बांधणी याच्याकडून होत नाही. बटाट्याला ओळीत दोन फूट तरी मोकळी जागा हवी आणि खाली गड्डे धरू लागल्यावर मशीन आत घालूच नये. ठिबकच्या नळ्या आधी उचलून घ्या. नळी, मल्चिंगचा कागद, सुतळी, भाताचं धसकट यातलं काहीही पात्यांच्या शाफ्टला गुंडाळलं की सरकत सरकत गिअर ऑइल अडवणाऱ्या रबरी ऑइल सीलपर्यंत जातं आणि सील कापतं. मग गिअर ऑइल थेंबाथेंबानं मातीत जातं आणि गिअर घासल्याचा आवाज आल्यावरच कळतं. आठवड्यातून एकदा पाती काढून शाफ्ट साफ करणं हा याचा साधा उपाय. हे काम स्पार्क प्लगची टोपी काढूनच करायचं, इंजिन बंद असलं तरीही.

हराळी आणि लव्हाळा असलेल्या रानात सावध राहा. पाती हराळीचे तुकडे करतात आणि प्रत्येक तुकडा पुन्हा फुटतो. लव्हाळ्याच्या गाठी रानभर पसरतात. अशा ठिकाणी उन्हाळ्यात, कोरड्या रानात फिरवा आणि वर आलेली हराळी दाताळ्यानं गोळा करून बाहेर काढा. तांबड्या जमिनीत माती पिठासारखी बारीक होईपर्यंतही फिरवू नये, पहिल्या जोरदार पावसानं वर पापडी धरते.

आता इंजिन. खोक्यातून निघालेल्या बहुतेक मशीनच्या इंजिनात ऑइल नसतं. न भरता दोरी ओढली आणि ते चालू झालं तर पिस्टन गेलाच. ऑइल साधारण ६०० मिली बसतं. फोर-स्ट्रोक असल्यामुळं पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायचं नसतं. औषध फवारणीच्या टू-स्ट्रोक पंपाच्या सवयीनं ही चूक फार होते. पातळी बघताना मशीन सपाट जागेवर ठेवा आणि काडी पुसून फक्त टेकवा, आटे फिरवून बसवू नका. या इंजिनाला ऑइल फिल्टर नसतो, आतलं ऑइल उडूनच सगळीकडं पोचतं. म्हणून पहिलं ऑइल २० तासांनी बदलायचं आणि पुढं धुळीच्या रानात दर ५० तासांनी. इंजिन गरम असतानाच काढा, गाळ सगळा बाहेर येतो.

चढाच्या रानात इंजिन मधेच बंद पडून पुन्हा चालू होत नसेल तर आधी ऑइल बघा. कमी ऑइलचा सेन्सर असलेल्या मशीनला ऑइल एका बाजूला गेलं तरी ते संपल्यासारखंच वाटतं. पाती साफ करायला मशीन कलवताना एअर फिल्टरची बाजू वर ठेवा. ती खाली गेली तर इंजिनातलं ऑइल एअर फिल्टरमध्ये आणि सिलिंडरमध्ये उतरतं, मग पांढरा धूर आणि काळा पडलेला प्लग.

एअर फिल्टरचा स्पंज साबणाच्या पाण्यात धुऊन पूर्ण वाळवा, स्वच्छ ऑइलमध्ये बुडवा आणि घट्ट पिळा. धुवायला रॉकेल चालतं, पेट्रोल नको. प्लगची फट ०.७ ते ०.८ मिमी. सिलिंडरच्या पंखांमध्ये भुसा, गवत अडकलं की हवा लागत नाही. ब्रशनं झाडायला दोन मिनिटं पुरतात.

पेट्रोल तासाला लिटर ते दीड लिटर धरा. आपल्याच भागातल्या उसापासून निघणारं इथेनॉल आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत असतं आणि ते हवेतलं पाणी ओढतं. हंगाम संपल्यावर टाकी रिकामी करा, पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा. एवढं केलं नाही तर चार महिन्यांनी कार्ब्युरेटरचा जेट बुजलेला असतो आणि दोरी ओढून खांदा दुखतो.

खरेदीचं एक सीमाभागातलं गणित आहे. कोल्हापूरकडून मशीन आणायचा मोह होतो, पण महाराष्ट्राचं अनुदान कर्नाटकातल्या उताऱ्यावर मिळत नाही. इथं कृषी खात्याच्या रयत संपर्क केंद्रात फ्रूट्स या कर्नाटकच्या शेतकरी नोंदणीचा एफआयडी क्रमांक, पहाणी (इथला जमिनीचा उतारा) आणि आधार घेऊन जावं लागतं. सर्वसाधारण शेतकऱ्याला ५० टक्के, अनुसूचित जाती-जमातींना ९० टक्के, ठरलेल्या मर्यादेत. अर्ज कन्नडमध्ये असतो. नाव पहाणीवर आहे अक्षरशः तसंच लिहिलंय का ते बघून मगच सही करा, मराठी-कन्नड नावांच्या फरकात अर्ज अडकतात. पैसे मोजण्याआधी दुकानदाराला चार वस्तू दाखवायला सांगा: शाफ्टचा ऑइल सील, क्लच वायर, स्टार्टरची दोरी आणि पात्यांचा एक संच. यातली एकही दुकानात नसेल तर पेरणीच्या दिवसांत तिच्यासाठी आठवडाभर मशीन उभं राहील, तेव्हा दुसरं दुकान बघा.