जुनी निक्कॉर २०० एमएम आणि स्वस्तातला टूएक्स कन्व्हर्टर: पावसाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत वापरल्यावर

मामाकडून आलेली निक्कॉर २०० एमएम एफ/४ आहे माझ्याकडे, एआय वाली (रिंगवरचं अॅपर्चर बॉडीला कळवणारी निकॉनची पद्धत), सत्तरच्या दशकातली, सगळं मॅन्युअल. ५ काचा, ५२ एमएमचा फिल्टर, हूड आतच सरकणारा, आणि फोकस रिंग इतकी मऊ फिरते की आताच्या किट लेन्सने तोंड लपवावं. बॉडी निकॉन डी७२००, तीही सेकंडहँड. अडचण एकच, नांदूरमध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात २०० घेऊन गेलं की फोटोत पाणीच पाणी आणि पक्षी कुठेतरी ठिपक्यासारखा. नवीन लांब झूमच्या किमती बघितल्या आणि गप बसलो, मग लेन्स आणि बॉडीच्या मध्ये बसणारा टेलिकन्व्हर्टर शोधायला लागलो, टूएक्स म्हणजे लेन्सची लांबी दुप्पट करणारा.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, कन्व्हर्टर जादू करत नाही. लेन्सने बनवलेल्या इमेजचा मधला भाग तो मोठा करतो, तोच प्रकाश चौपट जागेवर पसरतो, म्हणून टूएक्सला २ स्टॉप जातात आणि १.४ ला १ (एक स्टॉप गेला म्हणजे प्रकाश निम्मा). आणि इमेज मोठी होते तसे लेन्सचे दोषही मोठे होतात. त्यामुळे मूळ लेन्स धारदार नसेल तर पुढे वाचूच नका. त्या काळातल्या स्वस्त ७०-२१० टाइप झूमवर टूएक्स लावून बघितलाय मी, सगळं साबणाच्या पाण्यातून बघितल्यासारखं.

आता कोणता घ्यायचा. निकॉनचे स्वतःचे जुने मॅन्युअल कन्व्हर्टर बरेच आहेत आणि नंबरात माणूस फसतो. टीसी-२०० आणि टीसी-२०१ हे टूएक्स, २०० एमएमपर्यंतच्या लेन्ससाठी. टीसी-३०० आणि ३०१ पण टूएक्सच, पण ३०० आणि त्यावरच्या लेन्ससाठी, त्यांची पुढची काच बाहेर आलेली असते, लहान लेन्सच्या मागच्या काचेला ती लागू शकते. १.४ मध्ये तसंच, टीसी-१४ए लहान लेन्सना, १४बी मोठ्यांना. नवीन ऑटोफोकसवाले टीसी-१४ई, टीसी-२०ई कोणी गळ्यात मारायला लागलं तर नाही म्हणा, त्यांच्या माउंटला एक जास्तीचा दात असतो, एआय लेन्स बसतच नाही. आणि तुमची लेन्स एआयच्या आधीची असेल, म्हणजे १९७७ च्या आधीची आणि बदल न केलेली, तर एआय कन्व्हर्टरवर किंवा एआय बॉडीवर जोर लावून बसवू नका, प्रकाश मोजणाऱ्या मीटरची कडी तुटते.

दुसऱ्या कंपन्यांमध्ये केन्को आणि विविटार जास्त दिसतात. केन्कोत एमसी४ आणि एमसी७ असे दोन, ४ काचांचा आणि ७ काचांचा, फरक स्पष्ट आहे, कोपऱ्यांत तर फारच. विविटारचा मॅक्रो फोकसिंग टूएक्स पण ७ काचांचा आणि त्यावर ५० एमएम लावली की १:१ मॅक्रो होतो, म्हणजे वस्तू सेन्सरवर खऱ्या आकाराएवढी येते, नुसती ५० असणाऱ्यांनी तोच शोधावा. मला शेवटी टीसी-२०० मिळाला, अडीच हजारांच्या आसपास. त्याआधी एक बिननावाचा मागवला होता, त्याची आतली अॅपर्चरची कडी वंगण सुकून इतकी जड झालेली की शटर उडून जायचं तरी ब्लेड बंद होत नव्हते, सगळे फोटो पांढरे. परत केला. म्हणून सेकंडहँड घेताना कडी बोटाने दाबून सोडा, ती झटकन परत आली पाहिजे. आणि मोबाइलचा टॉर्च मागून मारून काचेत जाळं आहे का बघा, आपल्याकडच्या पावसाळ्यात फंगस पकडायला वेळ लागत नाही.

डी७२०० मध्ये सेटिंग सोपं आहे. मेनूतल्या नॉन-सीपीयू लेन्स डेटामध्ये (जुन्या, चिप नसलेल्या लेन्सची माहिती) ४०० एमएम आणि एफ/८ भरायचं, म्हणजे कन्व्हर्टर धरून जे होतं ते. रिंगवर ५.६ ला फिरवलं की कॅमेरा ११ दाखवतो आणि तेच खरं. मीटर व्यवस्थित चालतं. डी३००० आणि डी५००० सिरीजवाल्यांना मात्र मीटर मिळत नाही, अंदाजाने काम.

आता निकाल. रिंग ४ वर ठेवून, म्हणजे एफ/८ ला, मऊ आहे, चमकत्या पाण्यावर पांढऱ्या बगळ्याच्या कडेला जांभळी रेघ येते. एक स्टॉप बंद केला की एकदम सुधारतं. त्याच्या पुढे, एफ/१६ ला, परत मऊ पडायला लागतं, २४ मेगापिक्सेलच्या सेन्सरवर डिफ्रॅक्शन, म्हणजे बारीक छिद्रातून प्रकाश पसरणं, दिसतंच. म्हणजे माझ्यासाठी वापरायचं अॅपर्चर एकच उरलं, ११. लख्ख उन्हात आयएसओ ४०० ला १/८०० मिळतो, आणि क्रॉप (लहान सेन्सरचा दीडपट) धरून ६०० एमएमची फ्रेम असल्याने तेवढा लागतोच कारण व्हीआर, म्हणजे हात हलल्याचा परिणाम कमी करणारी सोय, वगैरे काही नाही. पण हिवाळ्यात सकाळी निफाडकडे धुकं असतं तेव्हा आयएसओ ३२०० ला जाऊनही रडारड. लेन्सला ट्रायपॉडवर बसवायची कडी (कॉलर) नाही, त्यामुळे मी अभयारण्यातल्या निरीक्षण मनोऱ्याच्या कठड्यावर तांदळाची छोटी पिशवी ठेवतो आणि त्यावर लेन्स टेकवतो, ट्रायपॉडपेक्षा हे बरं पडतं.

फोकस हा खरा वैताग. एफ/८ ला फाइंडर अंधारा, निकॉनच्या एफएम२ या फिल्म कॅमेऱ्यावर लावलं तर फोकस जुळवायचं मधलं स्प्लिट अर्धं काळं पडतं, बाजूच्या मॅट भागावर बघावं लागतं. डी७२०० चा मधला फोकस पॉइंट एफ/८ ला चालतो, फोकस जुळल्याचा फाइंडरमधला हिरवा ठिपका बऱ्यापैकी खरं बोलतो. उडता पक्षी विसरा. शेकाट्या उभा आहे, हळदीकुंकू बदक निवांत तरंगतंय, जांभळी पाणकोंबडी कडेला चरतेय, इतपत जमतं. मनोऱ्यावरून लांबचा थवा काढायचा तर दहा वाजल्यानंतर पाण्यावरची गरम हवा थरथरते, तिथे महागड्या लेन्सवाले पण हात टेकतात, आमचं काय.

पण ज्यासाठी मी हा कन्व्हर्टर विकणार नाही ते वेगळंच निघालं. लेन्सचं जवळचं अंतर २ मीटर, ते कन्व्हर्टर लावल्यावरही २ मीटरच राहतं, म्हणजे तेवढ्याच अंतरावरून वस्तू दुप्पट मोठी. पावसाळा सरताना गंगापूर धरणाच्या बाजूला चतुर आणि टाचण्या काढायला हे इतकं भारी आहे की बास, किडा उडत नाही, आपली सावली पडत नाही, मागचं सगळं हिरवं विरघळून जातं. जवळच्या अंतरावर हवेचा त्रास नाही, पंखाच्या शिरा मोजता येतील इतकं येतं. सूर्य समोर असेल तर कॉन्ट्रास्ट पडतो, हूड पूर्ण ओढा आणि बाकी एडिटिंगमध्ये वाढवा.

नुसत्या पक्ष्यांसाठी विचाराल तर टूएक्स नको, टीसी-१४ए घ्या, २८० एफ/५.६ होतं, फाइंडर उजेडात राहतो. फक्त तो स्वस्तात मिळायला धीर लागतो, मी अजून शोधतोय.