म्हापशाचा शुक्रवार बाजार: पाचपैकी सव्वाचार

पुण्या-मुंबईचे पाहुणे येतात ते यादी पाठ करूनच येतात, बीच, क्रूझ, जुनं गोवं, आणि शुक्रवारी सकाळी मी त्यांना उठवून म्हापशाला न्यायला लागले की तोंडं वाकडी, बाजारच बघायचा तर आमची मंडई काय वाईट होती. आणि दुपारी हीच माणसं मांडीवर दोन-दोन पिशव्या घेऊन बसमध्ये बसलेली असतात. दरवेळी तोंडी सगळं सांगत बसायचा कंटाळा आला म्हणून एकदाचं लिहून टाकते.

बाजार तसा रोजचाच आहे, पण शुक्रवारी आजूबाजूच्या गावांतल्या बायका आपल्या परसातलं जे असेल ते घेऊन येतात, आणि मजा आहे ती तिथे. आत्ताचं मार्केट 1960 सालचं, म्हणजे गोवा मुक्त व्हायच्या आधीचं, आणि बांधतानाच कोणीतरी डोकं लावून लाइनी पाडल्यात, केळीवाल्यांची वेगळी, फुलांची वेगळी, चोरीस म्हणजे गोवन सॉसेजवाल्यांची वेगळी, त्यामुळे एवढ्या गर्दीतही माणूस हरवत नाही. टीशर्ट, काजूची चकचकीत पाकिटं, शंखशिंपल्यांची तोरणं हेही भरपूर आहे, ते कळंगुटलाही मिळतं, त्यासाठी इथे येऊ नका.

इथे वाटा बघायचा. गोणपाट टाकून खाली बसलेल्या बाईपुढे पाच लिंबं, चार आंबाडे, मूठभर मिरच्या, दोन तवशी म्हणजे काकड्या असे छोटे छोटे ढीग असतात, तो वाटा. किलोची भानगड नाही, आणि दोन माणसांच्या घराला तेवढंच पुरतं. ज्या बाईपुढे पाच प्रकारचे थोडे थोडे वाटे असतात तिचा माल बहुतेक घरचाच, आणि जिच्यापुढे एकाच मालाचा डोंगर आहे तिने तो होलसेलला उचललेला, एवढा हिशोब ठेवला की फसायला होत नाही. भाव फार पाडू नका हो, दहा रुपयांसाठी त्या माउलीशी कसली घासाघीस, गोड बोललात तर ती स्वतःच वर एक लिंबू टाकते.

केळ्यांवर मात्र जरा जास्त बोलणार. मयडे गावची केळी म्हणजे मिंडोळी, ज्याला 2021 मध्ये भौगोलिक मानांकन, म्हणजे जीआय, मिळालं, चांगली हातभर वाटावीत अशी जाडजूड, आणि साध्या केळ्यांच्या मानाने महाग, भाव ऐकून पाहुणे हमखास दचकतात. पण ती विकतात कशी ते बघा. मी ज्या बाईकडे घेते ती आधी विचारते, "आयज खातलें काय आयतारा?" आजची असतील तर साल काळसर ठिपक्यांची देणार, रविवारची असतील तर देठाकडे अजून हिरवट असलेली, आणि मी दोन्हीतली थोडी थोडी मागितली तर ती आजची वर आणि रविवारची खाली अशी भरून देते, मी पिशवीत उलटी टाकायला लागले की ओरडते. ही केळी नुसती खाल्ली तर अर्ध्यातच पोट भरतं. तुपावर काप परतून वर थोडी साखर, चहाच्या वेळेला, एवढंच करून बघा. फिगाद, म्हणजे केळ्यांचा हलवा, करणाऱ्यांचं मला कौतुक आहे, तेवढा वेळ ढवळत उभं राहणं आपल्याच्याने होत नाही, मी तयार विकत घेते.

एप्रिल-मेमध्ये आलात तर पुरुमेंताची गर्दी असते, म्हणजे पावसाळ्याची बेगमी. कांद्याच्या माळा, सुके बांगडे, सुकी सुंगटं म्हणजे कोळंबी, सोलं म्हणजे आमसुलं, माडाचा काळाकुट्ट गूळ, हरमलची मिरची, सगळं एकदम. सोलं घेताना हातात घेऊन दाबून बघायची, मऊ आणि काळपट जांभळी असली तर घ्या, कडक झालेली घेऊ नका. माडाचा गूळ मी आधी फक्त पातोळ्यांसाठी आणायचे, आता चहाबरोबर एक खडा तोंडात टाकायची सवय लागलीय, त्याला किंचित खारट धुरकट अशी चव असते आणि उसाचा गूळ त्यानंतर अगदी मिळमिळीत लागतो. मानकुराद आंब्याचं काय सांगू, फेब्रुवारी-मार्चमध्ये डझनाचा भाव विचारायची पण हिंमत होत नाही, मेमध्ये आपल्या आवाक्यात येतो, तोपर्यंत वास घेत फिरायचं.

मातीच्या भांड्यांच्या लाइनीत कुंडलं, म्हणजे कालवण शिजवायचं मातीचं भांडं, घ्याच. घ्यायच्या आधी बोटाच्या पेराने वाजवायचं, टणटण आवाज आला तर चांगलं, बद्द आवाज आला तर कुठेतरी चीर आहे. घरी आणून रात्रभर पाण्यात बुडवून ठेवायचं, मग पेज घालून मंद आचेवर उकळायचं, हे न करता थेट हुमण, म्हणजे माशांचं कालवण, शिजवायला ठेवलं तर तडकलं म्हणून त्या बाईला शिव्या द्यायच्या नाहीत. एकदा मुरलं की बांगड्याचं हुमण दुसऱ्या दिवशी सकाळी जे लागतं ते लागतं, आमच्याकडे त्यासाठी भांडणं होतात.

आता बाग. बाग म्हणजे माझ्याकडे स्वयंपाकघरामागची चार वाफ्यांची जागा आणि गॅलरीतल्या कुंड्या, पण त्यातलं जवळजवळ सगळं याच बाजारातून आलंय. मिरगाच्या आधी सात शिरांच्या भेंडीचं बी मिळतं, दोडकी, पडवळ, चिबूड, तवशी. पाऊस ओसरल्यावर तांबड्या भाजीचं, म्हणजे लाल माठाचं. एक म्हातारी बाई तांबड्या भाजीचं बी औषधाच्या बाटलीच्या टोपणाने मोजून कागदाच्या पुडीत बांधून देते, मोहरीपेक्षा बारीक काळं चमकदार बी, आणि पुडी हातात देताना हमखास सांगते की वाळू मिसळून पेर, नाहीतर सगळं एकाच जाग्यावर पडतं, आणि वरून राख टाक, मुंग्या नेतात. महिन्याभरात भाजी ताटात. संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर पहिली जुडी खुडून कांदा-मिरची आणि वर खोबरं घालून केली त्या दिवशी आमच्याकडे मासे असून कोणी विचारले नाहीत, हे गोव्यात होणं म्हणजे विशेषच.

रोपांच्या बाबतीत मात्र सावध. टेम्पोत रोपं घेऊन येणाऱ्या एकाकडून मानकुरादचं कलम म्हणून घेतलं होतं, घरी आल्यावर शेजारच्या भाऊंनी बघितलं तर जोडच नाही, सरळ बाठ्यापासून उगवलेलं रोप. बाठ्याचं झाड फळाला यायला कितीतरी वर्षं जातात आणि आंबा मानकुरादच निघेल याची काही गॅरंटी नाही. तेव्हा खोडावर जमिनीपासून वीतभर उंचीवर जोडाची गाठ दिसते का ते बघूनच पैसे द्या. अबोली, मोगरा, जास्वंद, मिरीचा वेल हे खुशाल घ्या, त्यात फसवण्यासारखं काही नसतं.

चतुर्थीच्या आधीचे दोन-तीन दिवस तर वेगळंच काम असतं. माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या फळाफुलांच्या आराशीचं, सामान. सुपारीची शिपटं, कांगलं, माट्टी, कवंडाळं, तोरिंजन, नीरफणस, रानातून काय काय काढून आणलेलं असतं, आणि आमच्या सासूबाई त्यातलं अर्धं नावानिशी ओळखतात, मी फोटो काढत मागून चालते. गर्दीत पाय ठेवायला जागा नसते. तरी जा.

खायचं म्हणाल तर बाजाराच्या आसपास कुठल्याही चहाच्या हॉटेलात पातळ भाजी, सुकी भाजी मिक्स करून मागायची, पाव, मिरची भजी, वर चहा. बाहेर गाड्यांची लाइन लागलेली हॉटेलं सोडून कामगार उभ्याने खात असतील तिथे शिरा. पाव सकाळचाच मिळतो, दहानंतर तो थोडा वातड होतो.

जायचं कसं, तर पणजीहून कदंबची शटल आहे, मधे थांबत नाही, तिकीट आधीच खिडकीवर काढायचं. आम्ही डिचोलीहून अस्नोडा, थिवी करत जाणाऱ्या बसने जातो, खिडकी मिळाली तर शेतं बघत छान वेळ जातो, आणि शुक्रवारी येताना त्या बसमध्ये कोणाच्या मांडीवर कोंबडी, कोणाच्या पायाशी माडाचं रोप असं असतं, बोअर होत नाही. मुंबईहून कोकण रेल्वेने येणाऱ्यांना थिवी स्टेशन सोयीचं. गाडी घेऊन मात्र जाऊ नका, अर्धा गुण मी नुसता पार्किंगचा कापलाय, उरलेला पाव त्या कलमवाल्याचा. आठपर्यंत पोचा, अकरानंतर ऊन आणि गर्दी दोन्ही डोक्यावर. दोन कापडी पिशव्या, सुटे पैसे आणि झाकणाचा एक डबा बरोबर असू द्या, डबा आंबे-केळ्यांसाठी नाही, सुक्या बांगड्यांसाठी. ते नुसत्या प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ट्रेनच्या एसी डब्यात घेऊन चढलात तर पनवेलपर्यंत अख्खा डबा तुमच्याकडे बघत बसेल.