६ डिसेंबरचा शिवाजी पार्कवरचा पुस्तकबाजार : घेण्याआधी पानं मोजा, पण घ्या

यंदाही नंदीग्राम एक्सप्रेसनं दादरला उतरले तेव्हा एका पिशवीत भाकरी-चटणी होती आणि दुसरी पिशवी रिकामी. रिकामी पिशवी पुस्तकांसाठी. मी एसटीत वाहक आहे, परभणी जिल्ह्यातली. आमच्या गावच्या विहारात एक लोखंडी कपाट आहे, तेच आमचं वाचनालय. दर घरामागं ५० रुपये वर्गणी जमते. यंदा ८७ घरांनी दिली, म्हणजे ४,३५० रुपये झाले. हे पैसे घेऊन मी पाचव्यांदा शिवाजी पार्कवर गेले.

चैत्यभूमीला जाणाऱ्या प्रत्येकाला हे स्टॉल माहीत आहेत. बाबासाहेबांच्या मूर्ती, निळे झेंडे, कॅलेंडरं, भीमगीतं, आणि या सगळ्यात रांगाच्या रांगा पुस्तकांच्या. नागपूरचे, औरंगाबादचे, पुण्याचे, सोलापूरचे प्रकाशक येतात. वर्षभर ज्यांचं पुस्तक आमच्या तालुक्याच्या दुकानात कधी दिसत नाही, ते इथं टेबलामागं स्वतः उभे असतात. खरेदी करायची तर ५ तारखेला दुपारी जा. ६ तारखेला गर्दीच तुम्हाला पुढं नेते, पान उलटायला जागा मिळत नाही.

भाव म्हणाल तर रोजंदारीवर जाणाऱ्या बाईलाही परवडतील असे. २० रुपयांची पुस्तिका, ४० ते ६० रुपयांत महात्मा फुल्यांचं ‘गुलामगिरी’. १८७३ सालचं पुस्तक, आणि आजही प्रत्येक तिसऱ्या टेबलावर आहे. गोविंद पानसरेंचं ‘शिवाजी कोण होता?’ मी दरवर्षी पाच-सहा प्रती घेते, कारण पोरं परत आणून देत नाहीत. त्याचं मला वाईट वाटत नाही. भाषणातून तयार झालेली ती छोटी पुस्तिका, शर्टाच्या खिशातूनही नेता येते. पानसरे अण्णांवर फेब्रुवारी २०१५ मध्ये कोल्हापुरात गोळ्या झाडल्या, पण पुस्तिका हातोहात फिरतेच आहे.

लेखकानं स्वतःच छापायचं, स्वतःच विकायचं, याला काही लोक कमी लेखतात. ‘मोठा प्रकाशक मिळाला नाही म्हणून’ असं बोलतात. त्यांनी बाबासाहेबांचं १९३६ सालचं ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’ आठवावं. लाहोरच्या जातपात तोडक मंडळानं अधिवेशनाचं अध्यक्षपद दिलं, मग भाषणातला मजकूर पचला नाही आणि अधिवेशनच रद्द केलं. बाबासाहेबांनी एक शब्द बदलायला नकार दिला, स्वतःच्या खर्चानं १,५०० प्रती छापल्या आणि दोन महिन्यांत त्या संपल्या. शिवाजी पार्कवरचं प्रत्येक टेबल त्या १,५०० प्रतींचं वारस आहे असं मी मानते.

आता तक्रार, आणि ती मी मनापासून करतेय. आमच्या विहारात वर्षावासात, आषाढी पौर्णिमेपासून अश्विन पौर्णिमेपर्यंत, रोज संध्याकाळी बाबासाहेबांचा ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा ग्रंथ वाचतात. दोन वर्षांपूर्वी मी नवी प्रत नेली होती. गेल्या वर्षावासात आमच्या शेजारच्या मावशी वाचत होत्या. त्या प्रौढ वर्गात वाचायला शिकलेल्या, बोट ठेवून एकेक शब्द वाचतात. २०८ वं पान संपलं, त्यांनी पान उलटलं आणि थांबल्या. पुन्हा मागं गेल्या, पुन्हा पुढं. मग म्हणाल्या, “माझंच चुकतंय का गं?” मी जाऊन बघितलं तर २०८ नंतर थेट २२५. सोळा पानांचा अख्खा फॉर्माच बांधणीत राहिला होता. चाळीस बायका बसल्या होत्या आणि त्या माऊलीला वाटलं, आपल्यालाच वाचता येत नाही.

ती प्रत मी यंदा पिशवीत घालून नेली. जिथून घेतली होती तिथला मुलगा म्हणाला, “छापखान्यातून येतं तसं विकतो, ताई.” बदलून दिली नाही. स्टॉलचं नाव मी लिहीत नाही, कारण असं आणखीही ठिकाणी होतं. स्वस्त पुस्तक हवंच, पण स्वस्त म्हणजे अर्धवट नव्हे. अनुवादाचंही तसंच. एकाच ग्रंथाचे चार-पाच प्रकाशकांचे अनुवाद मांडलेले असतात, त्यातल्या काहींवर अनुवादकाचं नावच नसतं. मग वाक्य अडलं तर विचारायचं कुणाला?

पुढच्या रांगेत एक काका होते, सत्तरीचे. स्वतःची दोन पुस्तकं आणि इतर चौघांची त्यांनीच छापलेली. मी मोडकी प्रत दाखवली तर त्यांनी ती दोन्ही हातांत घेतली, बांधणी उघडून बघितली आणि आपल्या टेबलावरची त्याच ग्रंथाची एक नवी प्रत माझ्यापुढं धरली. दर सोळा पानांनी पानाच्या तळाशी बारीक आकडा असतो, तो अंगठ्यानं दाखवला. “हे आकडे ओळीनं लागले तर पुस्तक पुरं. घ्यायच्या आधी बघत जा, आणि नसतील तर भांडा. तुमचे पैसे कष्टाचे आहेत.” त्यांच्याकडच्या प्रत्येक पुस्तकाची पानं ते विकायच्या आधी अशी बघतात. मी तिथंच ग्रंथ घेतला, मोठ्या टाइपाचा.

त्यांच्याकडंच ‘आम्हीही इतिहास घडवला’ मिळालं. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतल्या बायकांना शोधून, त्यांच्याशी बोलून केलेलं पुस्तक. १९८९ साली ते पहिल्यांदा काढलं स्त्री उवाच या बायकांच्याच प्रकाशनानं. आमच्या कपाटातली जुनी प्रत वाचून वाचून सुटी झाली होती. त्यातल्या बायकांची बोली ऐकून आमच्याकडच्या म्हाताऱ्या म्हणतात, “ही तर आपल्यातलीच बोलतेय.” पुस्तकाला याहून मोठी पावती माझ्याकडं नाही. पण सगळ्या मैदानात बायकांनी लिहिलेली पुस्तकं शोधावी लागतात, हे प्रकाशकांनी लक्षात घ्यावं. गर्दीत निम्म्या बायका असतात.

यंदा ४७ पुस्तकं झाली, ४,३१० रुपयांत. परतीची गाडी यायला वेळ होता. फलाटावर पिशवी मांडीवर घेऊन मी ग्रंथ उघडला आणि तळाचे आकडे पहिल्यापासून पुन्हा बघितले. २०८ नंतर २०९ होतं.