बंद हॉल की उघडा रंगमंच?
बेळगावातल्या वडगाव-शहापूरसारख्या दाट वस्तीत काँक्रीटचं नाट्यगृह बांधायचं तर बंद हॉल बरा की पायऱ्यांचा उघडा रंगमंच, मला विचाराल तर उघडाच. बंद हॉलची मेन अडचण आवाजाची, कोरं काँक्रीट आवाज शोषतच नाही, जवळपास सगळा परत फेकतं, नाटकाला घुमणं साधारण १ सेकंदात विरलं पाहिजे नाहीतर शब्दावर शब्द चढतो आणि मागच्या रांगेतली आजी शेजारणीला विचारत बसते, काय म्हणाला गं तो? मग पडदे, लाकडी पॅनल, एसी, खर्च वाढतच जातो. उघड्यावर भजन, पोरांचं गॅदरिंग सगळं होतं, एरवी पायऱ्यांवर माणसं गप्पा मारत बसतात. पण बेळगावचा पाऊस! गणपतीचे कार्यक्रम नेमके त्यातच येतात, म्हणून स्टेजवर तरी पक्कं छप्पर आणि पायऱ्यांना पाणी निघायला उतार पाहिजेच.