स्टोरीवीव्हर : आमच्या मराठी शाळेत इंग्रजी वाचनासाठी वर्षभर वापरून बघितलं, त्याबद्दल

मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात एका खेड्यात सरकारी मराठी शाळेत शिकवते, चौथी आणि पाचवी माझ्याकडं एकत्रच बसतात. आमच्या पोरांच्या दप्तरात तीन लिप्या असतात, मराठी, कन्नड आणि इंग्रजी. कन्नड लिपी पोरं लवकर उचलतात, कारण क ख ग घ तोच क्रम, काना-वेलांटीचा हिशोब तोच, नुसता आकार नवा. इंग्रजीत ते चालत नाही, सी हे अक्षर कॅटमध्ये क होतं आणि सिटीमध्ये स, मग पोरं काय करतात तर सी ए टी कॅट म्हणून सूर लावून पाठ करतात आणि तोच शब्द गोष्टीच्या मधेच आला की गप्प बसतात. मला हे लई लागायचं, कारण पोरं हुशार आहेत ओ.

आधी मी बेळगावात खडे बाजारातनं फ्लॅशकार्डांचा एक सेट आणलेला, कंपनीचं नाव घेत नाही. कार्ड चकचकीत, पण शब्दाच्या वर एवढं मोठं चित्र की पोरं चित्र बघून ॲपल म्हणायची, मी बोटानं चित्र झाकलं की संपलं. पैसे वाया गेले.

मग स्टोरीवीव्हर सुरू केलं. बेंगळूरची प्रथम बुक्स ही ना-नफा संस्था आहे, त्यांनी २०१५ मध्ये ही वेबसाईट काढली, गोष्टीची पुस्तकं सगळी फुकट, डाउनलोड करा, छापा, वाटा, लायसन्सच तसं खुलं आहे. पुस्तकांच्या चार पायऱ्या केल्यात, पहिल्या पायरीला एका गोष्टीत अडीचशेच्या आत शब्द आणि तेच तेच शब्द परत परत येणारी वाक्यं. आणि आमच्यासारख्यांना सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे कितीतरी गोष्टी मराठीत, कन्नडमध्ये आणि इंग्रजीत तिन्हीकडं मिळतात, चित्रं तीच.

मी असं करते. पहिल्या दिवशी गोष्ट मराठीतनं वाचून दाखवायची, पोटभर हसू द्यायचं, बोलू द्यायचं. दुसऱ्या दिवशी तीच इंग्रजीत, पण आधी नुसती चित्रं, आता पुढं काय झालेलं सांगा बघू. मग मी एक वाक्य वाचते, पोरं माझ्यामागनं वाचतात, बोट शब्दाखाली पाहिजेच. अर्थ आधीच ठाऊक असल्यामुळं पोरांचा सगळा जीव अक्षरांवर लागतो, हा फरक मला पहिल्याच आठवड्यात दिसला.

सगळ्यात जास्त आवडतो तो पळापळीचा खेळ. गोष्टीतली पाच-सहा वाक्यं मोठ्या अक्षरात लिहून व्हरांड्याच्या भिंतीला चिकटवायची, दोघादोघांच्या जोड्या, एकानं पळत जाऊन वाक्य वाचायचं, डोक्यात धरून परत यायचं आणि दुसऱ्याला सांगायचं, त्यानं लिहायचं, अर्ध्यात बदली करायची. वाक्य विसरलं की परत पळ. एरवी पुस्तकातलं एक वाक्य दोनदा वाच म्हटलं तर कंटाळणारी पोरं इथं तेच वाक्य चार-पाच वेळा वाचतात आणि त्यांना ते कळतही नाही. एक पोरगी, जी वर्षभर तोंड उघडत नव्हती, ती भिंतीपाशी उभी राहून ओठ हलवत होती, मी जवळ गेले तर म्हणाली, थांबा की बाई, वाचालोय. मी तशीच मागं सरले.

वाक्याच्या पट्ट्या कापून क्रम लावायला देणं आणि संवाद वाटून नाटकासारखं वाचणं पण चालतं, नाटकात मोठी पोरं धाकट्यांना सांभाळून घेतात, दोन वर्ग एकत्र असल्याचा तिथं फायदाच होतो.

आता एक लक्षात घ्या, हे गोष्टींचं भांडार आहे, आवाज शिकवायचा कोर्स नाही. अक्षराचा आवाज, आवाज जोडून शब्द, शेवटी ई आला की कॅपचं केप कसं होतं, हे तुम्हालाच रोज दहा मिनिटं वेगळं घ्यायला लागणार. ते सोडून नुसत्या गोष्टी वाचल्या तर पोरं परत चित्रावरनं अंदाज मारायला लागतील. मला इथं कन्नडचा फार उपयोग झाला, कन्नडमध्ये ऱ्हस्व आणि दीर्घ ए ला वेगळी अक्षरं आहेत, मराठीत एकच, म्हणून पेन आणि पेन मधला, म्हणजे लिहायचा पेन आणि दुखण्याचा पेन यातला फरक मी फळ्यावर दोन्ही कन्नड अक्षरं लिहून दाखवला, लगेच डोक्यात बसला.

पावसाळ्यात आमच्याकडं लाईट आणि रेंज दोन्हीचा भरवसा नसतो, म्हणून मी बेळगावला गेले की पुस्तकं फोनवर उतरवून घेते आणि एकेका गोष्टीच्या दोन-तीन प्रती काळ्या-पांढऱ्या झेरॉक्स काढते, रंग पोरं स्वतः भरतात. झेरॉक्सचा खर्च सोडला तर बाकी एक रुपया नाही. आधी स्वतः पूर्ण वाचूनच निवडा, पायरी एकच असली तरी एखादी गोष्ट आपल्या पोरांना जड जाते, मी तर पाचवीलाही पहिल्या पायरीपासनंच सुरू केलं आणि दिवाळीनंतर दुसऱ्या पायरीला गेले. जूनपासनं आमच्या कन्नडच्या बाईंना सोबत घेऊन एकच गोष्ट एका आठवड्यात तिन्ही भाषांत वाचायचं ठरलंय, त्यासाठी आठ गोष्टी काढून ठेवल्यात.