फेझच्या जुन्या शहरात अधिकृत गाइड: घ्याच, पण दुकानांचं आधी बोलून ठेवा

मोरोक्कोच्या सहलीत फेझसाठी थोडाच वेळ असेल, तर पहिल्या सकाळी गाइड घ्यावा असं माझं ठाम मत झालंय. फेझ अल-बाली या तटबंदीतल्या जुन्या शहरात गाडी शिरत नाही. सामान गाढवं-खेचरं वाहतात, आणि मागून "बालक!" (म्हणजे "बाजूला व्हा!") अशी हाक आली की भिंतीला चिकटायचं. गल्ल्या इतक्या अरुंद की मोबाइलवरचा नकाशा भलतीकडेच नेतो. माझ्याबरोबर आई होती, तिचे गुडघे दुखतात, त्यामुळे वाट चुकून उलटा चढ चढणं आम्हाला नकोच होतं.

आम्ही उतरलो त्या रियादच्या (आत चौक असलेलं जुनं घर, आता पाहुण्यांसाठी) मालकीणबाईंनी गाइड ठरवून दिले. गाइडचं सरकारी ओळखपत्र मी आधी पाहून घेतलं. वेशीपाशी "चला, वाट दाखवतो" म्हणत मागे लागणाऱ्यांकडे ते नसतं.

गाइडनी वाट आखली ती आईची चाल बघून, आणि यासाठी मी त्यांना पूर्ण गुण देते. शहर उतारावर आहे. सुरुवात वरच्या बाब बू जलूद दरवाजातून (बाहेरून निळा, आतून हिरवा, बांधलाय १९१३ साली, म्हणजे इथल्या मानाने कालचाच). मग तलआ कबीरा रस्त्याने खाली उतरत जायचं आणि शेवट रसीफ चौकात, जिथे लाल टॅक्सी मिळते. परत चढायचं कामच नाही.

बू इनानिया मदरशात आम्ही सगळ्यात जास्त रेंगाळलो. चौदाव्या शतकात मरीनी घराण्याचा सुलतान अबू इनान यानं तो बांधला. चौकातल्या भिंतीवर खाली रंगीत झेलीज फरशीचे तुकडे, त्यावर गिलाव्यात कोरलेली नक्षी, आणि वर देवदाराचं लाकूड. जिथे माणसांचे हात-पाठ लागतात तिथे टिकाऊ फरशी आणि नाजूक काम हात पोचणार नाही इतकं वर, हे गाइडनी दाखवल्यावर पुढच्या प्रत्येक इमारतीत आई तेच शोधत होती. ८५९ मध्ये फातिमा अल-फिहरी यांनी स्थापन केल्याचं सांगतात त्या करवियीन मशिदीत मुस्लिमेतरांना प्रवेश नाही. दारातून जेवढं दिसेल तेवढंच. पण शेजारच्या अत्तारीन मदरशात जाता येतं. लहानसा आहे, अजिबात चुकवू नका. सफ्फारीन चौकात तांब्याची भांडी ठोकणारे कारागीर बसतात, तिथे आईला पायरीवर हवं तितकं बसू दिलं, घाई केली नाही.

आता तक्रार. शुवारा चर्मालय (कातडी कमावण्याची जागा) वरून बघायचं तर चामड्याच्या दुकानाच्या गच्चीवर जावं लागतं, ते ठीक. पुदिन्याची काडी हातात देतात ती नाकाशी धराच, कारण कातडी चुना आणि कबुतरांच्या विष्ठेच्या पाण्यात भिजवतात. पण "खरेदी नको" असं सकाळी सांगूनही त्यानंतर आम्हाला एका गालिच्याच्या दुकानात नेलं. अशा विक्रीवर गाइडला कमिशन मिळतं. मी दारातच नको म्हटलं, ते लगेच वळले, वाईट वाटून घेतलं नाही. तरी एक तारा त्यासाठी कमी.

शाकाहारी असाल तर गाइडला आधीच सांगा. भाज्यांचं ताजीन (मातीच्या भांड्यात शिजवलेला रस्सा) किंवा कुसकुसही (वाफवलेला रवाळ सांजा) बऱ्याचदा मांसाच्या रश्श्यात शिजतं, हरीरा या सूपमध्येही मांस असू शकतं. आम्हाला त्यांनी बिसारा खाऊ घातला: सुक्या बाकल्याचं दाट सूप, वरून ऑलिव्ह तेल आणि जिरेपूड, सोबत गरम पाव. आईनं दुसऱ्यांदा मागून घेतला.

शुक्रवार मात्र टाळा, दुपारच्या नमाजानंतर बरीचशी दुकानं बंद असतात. सुट्टे दिरहम जवळ ठेवा. आणि गाइड अर्ध्या दिवसाचाच ठरवा. मरीनी कबरींच्या टेकडीवर संध्याकाळी टॅक्सीनं तुमचं तुम्हाला जाता येतं, त्यासाठी वेगळे पैसे मोजायची गरज नाही. पाचपैकी चार तारे.