दिवा लागतो आणि विझतो: नव्या गाडीचा दोष सर्व्हिस सेंटरवर सोपवावा, बाहेर दाखवावा, की आधी स्वतः वाचावा?

गाडी नवी आहे, वॉरंटीत आहे, आणि दर आठ-पंधरा दिवसांनी डॅशबोर्डवर एबीएस (ब्रेक लावताना चाकं अडकू न देणारी यंत्रणा), ट्रॅक्शन (चाकं घसरू न देणारी) आणि स्टिअरिंगचे दिवे एकदम लागतात. गाडी बंद करून पुन्हा चालू केली की सगळं शांत. कायम लागून राहिलेल्या दिव्याची चिंता नको, तो दोष सापडतो. डोकं खातो तो येऊन-जाऊन असणारा.

त्यासाठी तीन वाटा आहेत. दर वेळी गाडी अधिकृत सर्व्हिस सेंटरला देणं, बाहेरच्या जाणत्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे जाणं, किंवा स्वतःचा स्कॅनर (गाडीने साठवलेल्या दोषांच्या नोंदी वाचणारं उपकरण) ठेवून आधी नोंद घेणं आणि दुरुस्ती सर्व्हिस सेंटरकडूनच करून घेणं. माझा कल तिसऱ्या वाटेकडे आहे हे आधीच सांगून टाकतो. तरी पहिल्या दोन वाटा मोडीत काढाव्यात अशा नाहीत.

सर्व्हिस सेंटरकडे जे आहे ते बाहेर कुठेच मिळत नाही: कंपनीची तांत्रिक पत्रकं, सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्त्या, मॉड्यूल (एकेक यंत्रणा सांभाळणारा छोटा संगणक) बदलल्यावर त्याचं कोडिंग, आणि दोष हाताबाहेर गेला तर कंपनीच्या तांत्रिक विभागाकडे प्रकरण पाठवायची सोय. नव्या मॉडेलमधले बरेच दोष सॉफ्टवेअरचे असतात आणि एका अपडेटने कायमचे जातात. तिथे बाहेरचा माणूस कितीही हुशार असला तरी हात टेकतो. म्हणून पहिल्या खेपेला गाडी सरळ तिथेच न्यावी. अपडेट आहे का, या लक्षणाबद्दल कंपनीचं पत्रक आहे का, एवढं विचारावं. पुष्कळांचं काम तिथेच संपतं.

ज्यांचं संपत नाही त्यांच्या जॉब कार्डवर एक ओळ पुन्हा पुन्हा दिसते: ‘कोड क्लिअर केला, ट्रायल घेतली, ओके.’ माझं पारडं फिरलं ते या ओळीमुळे. कोड म्हणजे मॉड्यूलने ठेवलेली दोषाची सांकेतिक नोंद. ती पुसणं ही दुरुस्ती नाही, पुरावा नष्ट करणं आहे, आणि हे फार थोड्या ग्राहकांना कोणी सांगतं. इंजिनचा कोड साठतो तेव्हा त्याच्यासोबत त्या क्षणाचं एक चित्रही साठतं, त्याला फ्रीझ फ्रेम म्हणतात: इंजिनचे फेरे, वेग, कूलंटचं तापमान, इंजिनवरचा भार. एबीएस किंवा बॉडी मॉड्यूलही बहुतेक गाड्यांत किलोमीटर, व्होल्टेज आणि दोष किती वेळा आला याची नोंद ठेवतं. ‘क्लिअर’ दाबलं की कोडसोबत हे सगळं जातं, आणि इंजिनच्या स्वयंचाचण्यांची प्रगतीही शून्यावर येते. मग मेकॅनिक सपाट रस्त्यावर दहा मिनिटं गाडी फिरवून आणतो. जो दोष पावसात, किंवा पूर्ण वळवलेल्या स्टिअरिंगवर, किंवा गार इंजिनवर येतो, तो त्या दहा मिनिटांत कशाला येईल? पुढच्या खेपेला फाईल पुन्हा कोरी.

मेकॅनिकला दोष देण्यात फारसा अर्थ नाही. वॉरंटीच्या कामात शोधाशोधीला मोजकाच वेळ धरलेला असतो. म्हणून मग एखादा सेन्सर बदलून बघतात, मग मॉड्यूल. खरा दोष मात्र अनेकदा कनेक्टरमध्ये सैल पकडीची पिन, नीट न बसलेलं लॉक, अर्थिंगच्या बोल्टखाली राहिलेला रंगाचा थर, किंवा ब्रॅकेटच्या कडेला घासणारं हार्नेस (तारांचा जुडगा) असा असतो. त्याच हार्नेसवर नवा पार्ट लावला तर तोही दोन आठवड्यांनी तेच दिवे लावतो.

स्कॅनरचा खरा उपयोग इथे आहे, पण कुठलाही चालत नाही. सगळ्यात स्वस्त ब्लूटूथ डोंगल (गाडीच्या सॉकेटला लावून फोनवर कोड दाखवणारे) बहुधा फक्त इंजिनचे, म्हणजे ‘पी’ने सुरू होणारे कोड वाचतात. वर सांगितलेली लक्षणं असतील तर कोड ‘सी’ (चासी) किंवा ‘यू’ (मॉड्यूलांमधला संवाद) या गटातला असण्याची शक्यता जास्त, आणि स्वस्त डोंगल ‘दोष नाही’ म्हणून मोकळा होतो. तुमच्या मेकची सगळी मॉड्यूल वाचणारा स्कॅनर घ्या, किंवा त्या मेकसाठी बनवलेलं अॅप आणि त्याला चालणारा चांगला डोंगल. काही नव्या गाड्यांत सुरक्षा गेटवे, म्हणजे सॉकेट आणि मॉड्यूल यांच्यामधला पहारेकरी, असतो. तिथे बाहेरच्या स्कॅनरला कोड वाचता येतात, पण पुसायला किंवा चाचणी चालवायला परवानगी लागते. आपल्याला पुसायचं नाहीच, त्यामुळे बिघडत नाही.

दिवा लागला की गाडी सुरक्षित जागी थांबवा, शक्यतो इंजिन बंद न करता. सगळ्या मॉड्यूलांचं स्कॅन घ्या, प्रत्येक पानाचा स्क्रीनशॉट ठेवा, आणि ‘क्लिअर’ला हात लावू नका. शेजारी किलोमीटर, वेळ, पाऊस होता का, एसी आणि हेडलाइट चालू होते का, खड्डा लागला की वळण होतं, हे लिहा. उशीर करू नका. इंजिनचा दिवा सलग तीन निर्दोष फेऱ्यांनंतर आपोआप विझतो, आणि पुढे इंजिन चाळीस वेळा गार होऊन तापलं की कोडही आपसूक पुसला जातो.

वाचताना संख्येला घाबरू नये. बारा कोड म्हणजे बारा दोष नव्हेत. इंजिन, स्टिअरिंग आणि गिअरबॉक्स तिघांनीही ‘यू0121’, म्हणजे एबीएसशी संपर्क तुटला, असं नोंदवलं असेल तर संशय एबीएस मॉड्यूलच्या पुरवठ्यावर, अर्थिंगवर किंवा त्याच्या कनेक्टरवर घ्यावा. सगळेच सगळ्यांची तक्रार करत असतील तर दोष बसचा, म्हणजे मॉड्यूलांना एकमेकांशी जोडणाऱ्या सामायिक तारांचा, किंवा एकूण व्होल्टेजचा. सोबत ‘पी0562’, म्हणजे व्होल्टेज कमी, असेल तर आधी बॅटरी बघा, बाकी नंतर. काही स्कॅनर कोडच्या शेपटाला दोन आकडी जोड दाखवतात. 11 म्हणजे तार अर्थिंगला चिकटली, 12 म्हणजे बॅटरीच्या बाजूला, 13 म्हणजे सर्किट तुटलं. ही जोड कधी गाळू नका, अर्धं निदान तिच्यात असतं.

बॅटरीबद्दल थोडं जास्त बोलायला हवं, कारण ‘गाडी नवी म्हणजे बॅटरी नवी’ हा समज फसवा आहे. गाडी विकली जाण्याआधी यार्डात महिनोन्महिने उभी असू शकते, आणि त्या काळात बॅटरी खोलवर उतरून कायमची अशक्त होते. रात्रभर उभ्या गाडीत 12.6 व्होल्टच्या आसपास हवेत. 12.2 म्हणजे जवळपास निम्मी उतरलेली. स्टार्टर फिरताना व्होल्टेज 10च्या खाली जात असेल तर काही मॉड्यूल क्षणभर झोपतात आणि बाकीचे त्यांच्या नावाने कोड लिहून ठेवतात. मल्टीमीटर आणखी एका कामाला येतो: बॅटरीची ऋण बाजू आणि इंजिनचा धातू यांच्यात, सगळे दिवे व एसी चालू ठेवून, फरक 0.2 व्होल्टहून जास्त दिसला तर अर्थिंग संशयित. ओबीडी सॉकेटच्या (जिथे स्कॅनर लागतो त्याच्या) 6 आणि 14 या पिनांमध्ये, गाडी बंद आणि मॉड्यूल झोपलेली असताना, साधारण 60 ओहम दिसायला हवेत. 120 दिसले तर बसच्या एका टोकाचा रोधक सुटलाय. गेटवे असलेल्या गाडीत मात्र हा आकडा फक्त सॉकेटपर्यंतच्या बसबद्दल बोलतो, त्यावरून पुढचं अनुमान काढू नये.

बाहेरच्या इलेक्ट्रिशियनची बाजू मला मनापासून आवडते. हार्नेस हलवून बघणं, कनेक्टरवर गार फवारा किंवा गरम हवा मारणं, पिनची पकड तपासणं, ऑसिलोस्कोप (व्होल्टेजचा आलेख दाखवणारं उपकरण) लावून बसचा संकेत बघणं, ही चिकाटी त्याच्याकडे असते. वॉरंटी संपलेल्या गाडीला मी कदाचित त्याचंच नाव आधी सुचवीन. वॉरंटीतल्या गाडीला मात्र एक तार कापली, एक जोड मारला, की पुढचा प्रत्येक दोष ‘बाहेरून छेडछाड’ या रकान्यात जायची भीती. त्याच्याकडून फक्त निदान लिहून घ्यावं, पक्कड लावू देऊ नये. तुम्ही स्वतः डॅशकॅम, वेगळा हॉर्न किंवा ट्रॅकर बसवला असेल आणि त्याचा पुरवठा हार्नेस सोलून घेतला असेल, तर आधी ते सगळं काढून दोन आठवडे गाडी चालवा. तक्रारच उरली नाही, असंही होतं.

स्कॅनर घेऊन सर्व्हिस सेंटरला जाताना सूर मात्र सांभाळावा. ‘एबीएस मॉड्यूल बदला’ असं सांगू नये, कारण बदलतील आणि दोष तसाच राहील. जॉब कार्डवर लक्षण लिहून घ्यावं: ‘थंड इंजिन, पावसात, पूर्ण डावं वळण घेताना तीन दिवे एकदम लागतात, चौथी वेळ, कोडचे स्क्रीनशॉट जोडले आहेत.’ ‘लाइट येतो’ एवढ्या नोंदीवर कोणी काही शोधू शकत नाही. कोड पुसण्याआधी सगळ्या मॉड्यूलांच्या स्कॅनचा प्रिंट मागावा आणि नेमकं काय उघडून पाहिलं ते कार्डवर लिहायला लावावं. याच कागदांच्या जोरावर पुढे वरच्या पातळीवर बोलता येतं. शक्य असेल तर मेकॅनिकला शेजारी बसवून गाडी आपण चालवावी, कारण दोष कुठल्या वळणावर येतो ते आपल्याला माहीत असतं.

एअरबॅगचा दिवा असेल तर यातलं काहीही स्वतः करू नये. पिवळे कनेक्टर आणि पिवळं वेष्टण दिसलं की हात मागे. कोड वाचायला हरकत नाही, बाकी काम सर्व्हिस सेंटरचंच. ज्यांना असल्या खटाटोपाचा कंटाळा आहे त्यांनी स्कॅनर न घेताही प्रिंट आणि जॉब कार्ड यांचा आग्रह धरला तरी निम्मा फायदा मिळतो. उरलेला निम्मा दिवा लागल्याच्या क्षणी घेतलेल्या स्कॅनमध्ये आहे, आणि मला तो सोडवत नाही.

आणि डोंगल कामापुरताच लावा. सॉकेटच्या 16 नंबरच्या पिनला गाडी बंद असतानाही बॅटरी जोडलेली असते. डोंगल तसाच राहिला तर तो स्वतः वीज खातो आणि काही गाड्यांत मॉड्यूलांना झोपूही देत नाही. मग आठवडाभर उभ्या राहिलेल्या गाडीत जो ‘पी0562’ सापडेल, तो तुम्हीच लावलेला असेल.